पद्मिनीला डिस्क ब्रेक : फोनवर फिरणाऱ्या मजकुराला मुद्द्यागणिक उत्तर

जुन्या गाड्या जपणाऱ्या आम्हा मंडळींच्या फोनवर एक मजकूर पुन्हा पुन्हा येतो आहे. तो कोणी लिहिला हे कोणालाच ठाऊक नाही. खाली ‘पुढे पाठवा, एखाद्याचा जीव वाचेल’ असे लिहिलेले असल्यामुळे तो थांबतही नाही. मजकूर असा :

“प्रीमियर पद्मिनी असो की अॅम्बेसेडर, पुढच्या चाकांना मारुतीच्या डिस्क बसवा. एका दिवसाचे काम आहे. गाडी निम्म्या अंतरात थांबते. मास्टर सिलिंडर जुनाच चालतो. पेडल मऊ लागले तर हवा आहे, काढत राहा. ब्रेक पकडत असतील तर पॅड घासून घ्या, बसतात. पेडल कडक लागले तर बूस्टर टाका. ऑइल डॉट फाइव्ह टाका, तेच सगळ्यात भारी. मागच्या ड्रमना हात लावू नका. कागदपत्रांचीही काही भानगड नाही.”

ज्यांना हे नवे आहे त्यांच्यासाठी : डिस्क म्हणजे चाकाबरोबर फिरणारी उघडी चकती, जिला कॅलिपर नावाचा चिमटा दोन पॅडमध्ये दाबतो. ड्रम म्हणजे चाकाबरोबर फिरणारा बंद डबा, ज्याच्या आतल्या भिंतीला शू दाबले जातात. मास्टर सिलिंडर पेडलच्या जोराने ऑइल दाबून चाकांकडे पाठवतो. पहिल्या वाक्याशी माझे भांडण नाही. माझ्या स्वतःच्या पद्मिनीला पुढे डिस्क आहेत आणि घाटात मला त्यांचा आधार वाटतो. पण त्या मनासारख्या चालायला तीन महिने गेले. त्यानंतर हाच मजकूर वाचून काम करून घेतलेल्या तीन ओळखीच्यांच्या गाड्या मी जॅकवर चढवून पाहिल्या. तिन्ही गाड्यांत डिस्क, कॅलिपर, पॅड नवे होते आणि त्यांत काही खोट नव्हती. खोट होती ती नवे जिथे जुन्याला जोडले होते तिथे. मजकुरातले एकही वाक्य त्या सांध्यांकडे बघत नाही, म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

“एका दिवसाचे काम आहे.”

मारुतीच्या बहुतेक मोटारींत पुढची चाकेच गाडी ओढतात, त्यामुळे त्यांची डिस्क ज्या हबवर (चाक ज्यावर आवळतात त्या मधल्या भागावर) बसते त्यातून अॅक्सल जातो. पद्मिनीचे पुढचे चाक स्टब अॅक्सल नावाच्या न फिरणाऱ्या आखूड दांड्यावर, स्वतःच्या बेअरिंगवर मोकळे फिरते. म्हणजे डिस्क पद्मिनीच्या हबला बसेल अशी लेथवर करून घ्यावी लागते आणि कॅलिपर धरायला ब्रॅकेट घडवावा लागतो. हे दोन्ही तुकडे एका दिवसात बसतात हे खरे आहे. ते बरोबर बसलेत का हे तपासायला मात्र दुसरा दिवस लागतो, आणि तो दिवस कोणी देत नाही.

ब्रॅकेटवर किती जोर येतो याचा हिशोब करून पाहा. माणसे धरून गाडी ११५० किलोची, मंदन गुरुत्वाच्या ०.७ पट, आणि ब्रेकचे ७० टक्के काम पुढच्या दोन चाकांचे, असे धरू. टायरची त्रिज्या २९ सेंटिमीटर आणि डिस्कच्या मध्यापासून पॅडचे अंतर ९ सेंटिमीटर असेल, तर एका कॅलिपरला डिस्क सुमारे ९०० किलोच्या जोराने ओढते. ज्या पत्र्यावर तुम्ही कॅलिपर टांगला आहे, त्यावर प्रत्येक जोरदार ब्रेकला जवळपास आख्खी पद्मिनी टांगली जाते. असा ब्रॅकेट जाड पोलादी पट्टीचाच हवा. तो बॅकप्लेटच्या (ड्रममागच्या स्थिर थाळीच्या) मूळ भोकांतून, निदान ८.८ ग्रेडच्या बोल्टांनी आवळलेला हवा. स्टब अॅक्सलवर किंवा नकलवर (चाक धरून स्टिअरिंगबरोबर वळणाऱ्या भागावर) वेल्डिंग मारून ब्रॅकेट चिकटवायचा नाही, कितीही अनुभवी हात असला तरी. घडीव पोलाद वेल्डिंगच्या कडेला ठिसूळ होते आणि तडा गेला तर ब्रेकसकट चाक जाते. मी पाहिलेल्या तिसऱ्या गाडीत नेमके हेच केलेले होते. ती गाडी मालकाने चालवत परत नेऊ नये म्हणून मी टो करायला लावली.

दुसरी तपासणी डायल गेजची, म्हणजे बारीक हालचाल काट्यावर दाखवणाऱ्या मापयंत्राची. चाक काढून, डिस्क नटांनी हबवर आवळून, बेअरिंगचा प्ले (ढिलेपणा) काढून, डिस्क हाताने फिरवायची. काटा ०.१ मिलिमीटरपेक्षा जास्त हलला तर डिस्क वाकडी बसली आहे. बहुतेक वेळा डिस्क चांगलीच असते, हबच्या तोंडावर गंजाचा पापुद्रा किंवा लेथवर राहिलेला बुरा असतो. या ०.१ मिलिमीटरचा पेडलशी काय संबंध, ते पुढे येईलच.

तिसरी गोष्ट आटे. अॅम्बेसेडरचे घराणे ब्रिटिश, त्यामुळे तिच्या ब्रेक पाइपांच्या नटांना ३/८ इंची आटे, तर मारुतीच्या भागांत १० मिलिमीटरचे मेट्रिक. ३/८ इंच म्हणजे ९.५ मिलिमीटर, आणि आट्यांची घडण इतकी जवळची की बारीक नट मोठ्या भोकात जातो, शेवटी आवळल्यासारखाही लागतो. पण त्याने धरलेले असते ते आट्यांचे फक्त टोक. शांत रस्त्यावर तो महिनोन्महिने टिकेल आणि एक दिवस जीव खाऊन ब्रेक मारलात की पाइप निसटेल. पाइपाचे फुलवलेले तोंडही दोन प्रकारचे असते, एक दुमडून घेतलेले, दुसरे बुडबुड्यासारखे. एकाच्या बैठकीत दुसरे बसवले की पाझर ठरलेला. आणि नवा होज पाइप (चाकाकडे जाणारी लवचिक रबरी नळी) बसवल्यावर स्टिअरिंग दोन्ही बाजूंना टोकापर्यंत फिरवून, चाक उचलून आणि खाली सोडून पाहायचे. कुठेही तो ताणला किंवा टायरला घासला तर लांबी चुकली.

“गाडी निम्म्या अंतरात थांबते.”

ब्रेक चाक थांबवतो. गाडी थांबवते ती टायरची रस्त्यावरची पकड. चारही ड्रम नीट लावलेली पद्मिनी कोरड्या रस्त्यावर चाके लॉक करू शकते, म्हणजे पहिल्या थंड ब्रेकला ड्रमची ताकद कमी पडतच नाही. ताशी ६० किलोमीटरवरून ०.७ पट मंदनाने थांबायला सुमारे २० मीटर लागतात. तेच १० मीटरमध्ये व्हायचे तर मंदन १.४ पट हवे, आणि रस्त्यावर वापरायचा कोणताही साधा टायर तेवढे धरू शकत नाही. थांबायचे अंतर कमी करायचे असेल तर पहिला खर्च टायरवर करा. जुन्या गाड्या कमी चालतात, त्यामुळे टायरची नक्षी शिल्लक दिसते, पण आतले रबर कडक होऊन गेलेले असते.

मग डिस्क कशासाठी? लोणावळ्याहून खोपोलीला उतरताना गाडी सुमारे साडेपाचशे मीटर खाली येते. ११५० किलोच्या गाडीसाठी ही ऊर्जा होते साधारण ६२ लाख ज्यूल. ताशी ६० वरून एकदा पूर्ण थांबायला लागतात १.६ लाख. म्हणजे गिअर आणि हवेचा अडसर सोडला तर आख्खा घाट हा लागोपाठ अडतीस-एकोणचाळीस वेळा कचकन थांबण्याइतका आहे. गिअरने मोठा वाटा उचलला तरी उरलेले ड्रमच्या बंद डब्यात जाते. तापलेला ड्रम फुगून शूपासून दूर जातो, लायनरची (शूवरच्या घर्षणाच्या थराची) पकड घटते आणि पेडल खाली खाली जाऊ लागते. डिस्क उघडी असते, लवकर निवते, आणि तापून फुगली तरी पॅडच्या दिशेनेच फुगते. पावसाळ्यात ड्रममध्ये पाणी शिरले की पहिले दोन ब्रेक हातचे जातात, डिस्क मात्र पाणी झटकून टाकते. १९५३ साली ल मान्सच्या २४ तासांच्या शर्यतीत जॅग्वारची सी-टाइप डिस्क ब्रेकवर जिंकली तीही याच गुणावर. प्रतिस्पर्ध्यांचे ड्रम तापून दमत होते आणि तिचा ब्रेक दर फेरीला तसाच लागत होता. डिस्कचा फायदा दहाव्या ब्रेकला कळतो, पहिल्याला नाही.

“मास्टर सिलिंडर जुनाच चालतो.”

कधी चालतो, कधी नाही, आणि हे नशिबावर सोडायचे कारण नाही, कारण ते कागदावर कळते.

ड्रममध्ये पुढच्या शूला फिरणारा ड्रम स्वतःच आत ओढून घेतो. म्हणून व्हील सिलिंडरने (ड्रममधले शू ढकलणाऱ्या छोट्या सिलिंडरने) लावलेल्या जोराच्या सुमारे दुप्पट घर्षण मिळते. डिस्कला ही फुकटची मदत नाही. तिथे मिळते ते जोराच्या ०.८ पट. ती तूट कॅलिपरचा मोठा पिस्टन भरून काढतो. समजा पिस्टन ४८ मिलिमीटरचा आहे, तर त्याचे क्षेत्रफळ १८१० चौरस मिलिमीटर. सात अष्टमांश इंचाच्या व्हील सिलिंडरचे दोन्ही पिस्टन मिळून होतात जेमतेम ७७६. म्हणजे तेवढेच सरकायला डिस्कला सव्वादोन पटींहून जास्त ऑइल लागते. हे ऑइल मास्टर सिलिंडरनेच द्यायचे.

मास्टर सिलिंडरचा बोअर (आतला व्यास) पाऊण इंच असेल तर क्षेत्रफळ २८५, सात अष्टमांश असेल तर ३८८. लहान बोअरला त्याच पायाने जास्त दाब मिळतो, पण पेडल लांब जाते. मोठ्या बोअरला पेडल वरच लागते, पण पाय दुखतो. पेडल लांब पण ब्रेक चांगला लागतो, अशी तक्रार असेल तर बोअर लहान पडतोय. पेडल दगडासारखे आणि गाडी थांबत नाही, तर बोअर मोठा आहे. दोन्हीत हवेचा काही दोष नाही.

ऑइलच्या डबीचेही तसेच. पॅड पूर्ण झिजेपर्यंत दोन्ही बाजूंचे मिळून १६ मिलिमीटर गेले असे धरले, तर एका कॅलिपरमागे २९ घनसेंटिमीटर आणि दोन्हीला ५८ घनसेंटिमीटर ऑइल डबीतून खाली उतरते. ड्रमसाठी केलेली डबी एवढी उतरली तर तळ दिसतो आणि हवा आत शिरते. गाडीला अजून एकच सर्किट असेल, म्हणजे एक पाइप फुटला की चारही चाकांचा ब्रेक जाणार असेल, तर दोन सर्किटांचा मास्टर सिलिंडर घालायची याच्याइतकी चांगली वेळ नाही. माझ्या मते हा बदल डिस्कच्याही आधी करायला हवा.

“पेडल मऊ लागले तर हवा आहे, काढत राहा.”

या एका वाक्याने सगळ्यात जास्त नुकसान केले आहे, म्हणून इथे थोडे थांबतो.

पेडलला आधी दोन प्रश्न विचारा. एक, लगेच दुसऱ्यांदा दाबल्यावर ते वर येते का? दोन, दाबून धरल्यावर हळूहळू खाली बसते का?

दुसऱ्या दाबाला वर येऊन घट्ट, दगडासारखे लागत असेल, तर ती हवा नाही. कुठेतरी फट जास्त आहे आणि पहिला दाब ती फट भरण्यात खर्च होतो. सगळ्यात आधी मागचे शू बघा. पुढे डिस्कचा उत्साह असतो, मागचे ड्रम कोणी उघडलेलेच नसतात. मागचे शू ड्रमला हलके घासतील इतके लावून, मग थोडे मागे घेऊन पुन्हा पेडल पाहा. मी पाहिलेल्या पहिल्या गाडीत एवढेच होते. मालकाने अर्धा डझन बाटल्या ब्रेक ऑइल चाकांखाली ओतले होते आणि दोष निघाला मागच्या अॅडजस्टरमध्ये, वीस मिनिटांत.

पेडल एरवी ठीक, पण वळण किंवा खराब रस्ता संपल्यावर पहिल्याच ब्रेकला खाली जाते, अशी तक्रार असेल तर मघाचा तो ०.१ मिलिमीटर आठवा. डिस्क वाकडी फिरत असेल किंवा पुढच्या बेअरिंगला प्ले असेल, तर डिस्क पॅडना ढकलून पिस्टन आत सारते. ड्रमच्या काळात बेअरिंगचा थोडासा प्ले खपून जायचा. डिस्कला तो खपत नाही.

दाबून धरलेले पेडल खाली बसत असेल आणि बाहेर कुठे ओल नसेल, तर मास्टर सिलिंडरचे रबर आतल्या आत ऑइल सोडते आहे. आता ‘काढत राहा’ या सल्ल्याचा परिणाम पाहा. रोजच्या वापरात मास्टर सिलिंडरचा पिस्टन बोअरच्या पहिल्या भागातच मागे-पुढे होतो. पुढच्या भागात वर्षानुवर्षांचा गंज आणि गाळ साचलेला असतो. हवा काढताना मदतनीस पेडल पार तळाला नेतो, रबर त्या खरबरीत भागावरून घासत जाते आणि त्याची कड कापली जाते. सकाळी चांगला असलेला मास्टर सिलिंडर हवा काढता काढताच संध्याकाळी कामातून जातो. जुना मास्टर सिलिंडर ठेवलाच असेल, तर पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवा, म्हणजे ते तळाला जाणार नाही.

पेडल शेवटपर्यंत लवचिक, रबरी चेंडूसारखे लागत असेल, तेव्हाच ती हवा. तरीही पहिला पाना निप्पलला (हवा बाहेर सोडायच्या छोट्या स्क्रूला) लावू नका. आधी निप्पल कुठे आहे ते बघा. कॅलिपरचे निप्पल सर्वांत वर असायला हवे, कारण हवा वरच जाऊन बसते. डावा कॅलिपर उजवीकडे आणि उजवा डावीकडे बसवला तर तो बोल्टांत व्यवस्थित बसतो, पाइपही लागतो, पण निप्पल खाली येते. मग शंभर वेळा हवा काढा, वरचा बुडबुडा जागचा हलत नाही. आमच्या ओळखीच्या मिस्त्रींनी, ज्यांचे हात तीस वर्षे ड्रमवर चालले आहेत, एका गाडीवर दोन दिवस असे घालवले. ड्रमच्या व्हील सिलिंडरला डावे-उजवे इतके नडत नाही, त्यामुळे त्यांच्या ते मनातच आले नाही. कॅलिपर सोडवून, दोन पॅडमध्ये लाकडी ठोकळी ठेवून, निप्पल आकाशाकडे धरून हवा काढली आणि पेडल वर आले. मग त्यांनी स्वतःच कॅलिपरची अदलाबदल केली.

दोष नेमका कुठल्या चाकाकडे आहे हे शोधायचे असेल, तर गुळगुळीत जबड्याच्या क्लॅम्पने एकेक होज पाइप बंद करून पेडल पाहा. जो बंद केल्यावर पेडल घट्ट होते, त्याच्या पलीकडे दोष. सगळे बंद करूनही मऊच असेल तर मास्टर सिलिंडर. साधा पक्कड लावून होज चेपू नका, आतला थर फाटतो आणि नवीच भानगड सुरू होते.

“ब्रेक पकडत असतील तर पॅड घासून घ्या.”

मऊ पेडलने गाडी निदान गॅरेजात थांबते. पकडणारा, म्हणजे पाय काढल्यावरही न सुटणारा ब्रेक मात्र रस्त्यावर, गर्दीत किंवा घाटात जीवावर उठतो. पॅड घासले की दोन दिवस बरे वाटते, मूळ कारण आत तसेच राहते.

कारण शोधायला एक जॅक आणि दोन पाने पुरतात. पेडल दाबून सोडा, पकडलेले चाक हाताने फिरत नाही याची खात्री करा आणि त्या कॅलिपरचे निप्पल सोडा. पिचकारी उडून चाक मोकळे झाले, तर आत दाब अडकला आहे. दाब गेला आणि चाक तरीही घट्ट, तर पिस्टन किंवा सरकपिना (कॅलिपर ज्यांवर सरकतो त्या पिना) जाम आहेत, नाहीतर ब्रॅकेट वाकडा आहे.

दाब अडकत असेल तर पुन्हा पेडल दाबून सोडा आणि या वेळी पोलादी पाइप होजला जिथे मिळतो तो नट सैल करा. चाक घट्टच राहिले, तर दोष होजचा. आतून सुजलेला होज जाताना ऑइल सोडतो, परत येऊ देत नाही. असे एकाच बाजूला असेल तर ब्रेक मारताना गाडी दुसऱ्या बाजूला ओढते आणि पाय काढल्यावर या बाजूला.

नट सैल केल्यावर चाक सुटले, तर दोष वरच्या अंगाला. पुन्हा दाब भरा आणि आता मास्टर सिलिंडरचे दोन नट सैल करून तो पुशरॉडपासून (पेडलच्या जोराने त्याचा पिस्टन ढकलणाऱ्या दांड्यापासून) दोन मिलिमीटर पुढे सरकवा. चाक सुटले, तर पेडलला मोकळी चाल नाही. मास्टर सिलिंडरमध्ये एक बारीक भोक असते, ज्यातून पाय काढल्यावर ऑइल डबीत परत जाते. पुशरॉड जरासा लांब राहिला तर रबर त्या भोकावरच बसून राहते. गाडी दारातून निघताना ठीक असते. पाच-सहा किलोमीटरवर ऑइल तापून फुगते, परतीची वाट बंद, दाब वाढतो, पॅड आणखी घासतात, ऑइल आणखी तापते आणि चाके आपोआप आवळत जातात. थांबून अर्धा तास निवू दिले की पुन्हा सगळे ठीक. ‘गरम झाल्यावर पकडते’ या तक्रारीमागे मला बहुतेक वेळा हेच दिसले आहे. पुशरॉडला एखादा मिलिमीटर मोकळी चाल दिली की ते संपते.

मास्टर सिलिंडर पुढे सरकवूनही चाक सुटले नाही आणि त्याच्या तोंडाचा पाइप सैल केल्यावरच सुटले, तर आतला अवशिष्ट दाबाचा व्हॉल्व्ह कारण आहे. ड्रमच्या मास्टर सिलिंडरमध्ये तो मुद्दाम घातलेला असतो. पाय काढल्यावरही सुमारे १० पीएसआय दाब राखून तो व्हील सिलिंडरची रबरे ताणलेली ठेवतो, म्हणजे त्यांच्या कडेने हवा आत येत नाही. ड्रमच्या कडक स्प्रिंगांपुढे हा दाब काहीच नाही. कॅलिपरला मात्र स्प्रिंगच नाहीत. १० पीएसआय म्हणजे चौरस सेंटिमीटरला ०.७ किलो, तर ४८ मिलिमीटरच्या पिस्टनवर पाय नसतानाही साडेबारा किलोचा जोर अखंड चालू. जुना मास्टर सिलिंडर चालतो म्हणणाऱ्याने याचे उत्तर द्यावे. पुढच्या सर्किटातून तो व्हॉल्व्ह काढायला हवा, मागच्या ड्रमसाठी ठेवायला हवा. जुन्या जीपमध्ये मास्टर सिलिंडर फळीखाली, कॅलिपरच्याही खालच्या पातळीला असतो. तिथे उलटी अडचण येते, ऑइल खाली ओघळते आणि पहिले पेडल लांब जाते. अशा गाडीत पुढच्या सर्किटाला २ पीएसआयचा हलका व्हॉल्व्ह लावतात.

आणि हे पकडणे नुसते पॅड खात नाही. पाणी मुरलेले डॉट थ्री ऑइल १४० अंशांच्या आसपास उकळते. उकळले की पाइपात वाफ होते आणि वाफ दाबली जाते. मग सकाळपासून जास्त लागणारा ब्रेक दुपारी अजिबात लागत नाही.

“पेडल कडक लागले तर बूस्टर टाका.”

बूस्टर पायाचा जोर वाढवतो, चुकलेली मापे दुरुस्त करत नाही. बोअर मोठा असेल, पॅड अजून बसले नसतील किंवा सरकपिना जाम असतील, तर ते आधी. नवे पॅड ताशी ६० वरून २० पर्यंत, पूर्ण न थांबता, मध्ये निवायला वेळ देत आठ-दहा वेळा बसवून घ्यावे लागतात. त्याआधी पेडलवर निकाल देऊ नका. डिझेल इंजिन टाकलेल्या गाड्यांच्या मालकांनी हे जरूर लक्षात घ्यावे : डिझेलला पेट्रोलसारखा थ्रॉटल (हवा अडवणारी झडप) नसतो, त्यामुळे इंजिनात हवा नेणाऱ्या मॅनिफोल्डमधून बूस्टरला पुरेशी निर्वात ओढ मिळत नाही, वेगळा व्हॅक्यूम पंप लागतो. बूस्टर काम करतो का हे पाहायला इंजिन बंद ठेवून चार-पाच वेळा पेडल दाबा, दाबून धरा, इंजिन चालू करा. पेडल किंचित खाली गेले पाहिजे.

“ऑइल डॉट फाइव्ह टाका.”

डॉट फाइव्ह सिलिकोनचे असते, डॉट थ्री आणि फोर ग्लायकॉलचे. दोन्ही एकमेकांत मिसळत नाहीत. सिलिकोन बुडबुडे धरून ठेवते आणि किंचित दाबलेही जाते, म्हणजे पेडल मऊ लागण्याची सोय आपणच केली. डॉट फाइव्ह पॉइंट वन हे नाव सारखे असले तरी ते वेगळे, ग्लायकॉलचेच ऑइल आहे. सीलबंद डब्यातले चांगले डॉट फोर घाला आणि दर दोन वर्षांनी बदला. रबराचे भाग पेट्रोलने किंवा डिझेलने धुऊ नका, रबर फुगते. ब्रेक ऑइलनेच पुसा.

“मागच्या ड्रमना हात लावू नका.”

ब्रेक मारताना वजन पुढे झुकते. पद्मिनीचा व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांतले अंतर) २.३४ मीटर. रिकामी गाडी ९०० किलोची, वजन पुढे-मागे निम्मे-निम्मे आणि गुरुत्वमध्य जमिनीपासून ५५ सेंटिमीटर धरला, तर ०.७ पट मंदनाला सुमारे दीडशे किलो मागच्या चाकांवरून पुढे जातात. मागे तीनशेच उरतात. पुढच्या डिस्कना दाब पुरावा म्हणून लहान बोअर किंवा बूस्टर घातला, की वाढलेला दाब मागच्या ड्रमनाही मिळतो आणि ते स्वतःच आत ओढले जाणारे ब्रेक आहेत. मागची चाके आधी लॉक झाली की गाडीचे शेपूट पुढे येते, ओल्या रस्त्यावर तर क्षणात.

म्हणून मागच्या लाइनवर दाब कमी करणारा व्हॉल्व्ह लागू शकतो. रिकाम्या मैदानात, कोणाला तरी बाहेर उभे करून, ताशी तीसवरून जोरात ब्रेक मारा. बाहेरच्या माणसाने सांगायचे कोणती चाके आधी थांबली. पुढची थांबायला हवीत. ड्रम उघडाल तेव्हा आतली धूळ फुंकू नका आणि हवेने उडवू नका. जुन्या लायनरमध्ये अॅस्बेस्टॉस असायचे. ओल्या फडक्याने पुसून फडके पिशवीत बांधून टाका.

“कागदपत्रांचीही काही भानगड नाही.”

मोटार वाहन कायदा, १९८८ चे कलम ५२ गाडीतल्या बदलांबद्दलच आहे आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवानगी नसलेल्या बदलाला प्रत्येकी पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकते. काम सुरू करण्याआधी आरटीओत विचारा आणि विमा कंपनीला लेखी कळवा. अपघातानंतर तुमच्या बाजूने बोलायला तोच कागद असतो. २०२१ च्या नियमांनी पन्नास वर्षांवरील गाड्यांना विंटेज नोंदणीची वेगळी वाट करून दिली, पण तिची अट गाडी मूळ स्वरूपात जपलेली असावी ही आहे. सत्तरच्या दशकातल्या पद्मिनी आता एकेक करून त्या वयात येत आहेत. मुंबईतली शेवटची नोंदलेली पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली. आता उरल्या त्या आपल्यासारख्यांच्या दारात आहेत.

म्हणून काढलेला एकही भाग भंगारात देऊ नका. माझ्या गाडीचे दोन्ही ड्रम, बॅकप्लेट, व्हील सिलिंडर आणि मूळ मास्टर सिलिंडर ग्रीस लावून, कागदात गुंडाळून, डावे-उजवे लिहून एका लाकडी खोक्यात माळ्यावर ठेवले आहेत. आणि मूळ भोकांनाच ब्रॅकेट बसवल्यामुळे ते सगळे उद्या पुन्हा चढवता येतील.